झिबोराचं दार

दुफीच्या पर्समध्ये कायम एक पितळी कुलूप असायचं. तळहाताएवढं, चांगलं वजनदार. ट्रोट्रोच्या भाड्याच्या गाडीत दाटीवाटीनं बसताना पर्स शेजारणीच्या मांडीवर टेकली की शेजारीण कळवळायची, "अगं बाई, दगड घेऊन फिरतेस काय?"

"दगड नाही," दुफी म्हणायची. "एकाची वस्तू आहे. त्याचं घर सापडलं की देऊन टाकीन."

ते घर ती चार वर्षं शोधत होती.

दुफी करखात्यात नोकरीला होती, एक ना दोन, सत्तावीस वर्षं. काम ठरलेलं. ज्याचा कर थकला त्याच्या दुकानाला कुलूप घालायचं, दारावर कागद चिकटवायचा आणि किल्ली ऑफिसातल्या पेटीत टाकायची. माकोला बाजारात तिची निळी छत्री दिसली की बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. "आली गं, कुलूपवाली आली." तोंडावर सगळ्या गोड. "या मावशी, बसा मावशी, पाणी घ्या." पाठ वळली की तिच्या सात पिढ्यांचा उद्धार. दुफीला त्याचं काही वाटत नसे. पोटापाण्याचा धंदा आहे, कुणीतरी करायलाच हवा, असं ती मानायची. वाटायला लागलं ते पोकुआच्या गाळ्यापासून.

पोकुआ म्हणजे तिची पाठची बहीण. बाजारात तिचा छापील कापडाचा गाळा होता. अठरा वर्षं उभं राहून उभा केलेला. लग्नाला कुठलं कापड, बारशाला कुठलं, मयताला कुठलं, हे पोकुआला विचारल्याशिवाय आमच्या गल्लीत कुणी कात्री लावत नसे. मग झिबोरा नावाची कंपनी आली. फोनवर बोट टेकवा, कापड दारात हजर. तेच कापड, त्याच गिरणीचं, आणि भाव असा की पोकुआनं तोंडात बोट घालावं.

कसा परवडत होता त्यांना तो भाव? न परवडायला झालं काय? पोकुआ बाजाराची रोजची पट्टी भरायची, वर्षाचा कर भरायची. झिबोरा नफ्यातला एक सेडी या देशात ठेवत नव्हती. तिचं नाव नोंदलेलं कुठल्याशा बेटावर, जिथं म्हणे माणसांपेक्षा कंपन्या जास्त. आणि आमच्या घानाचा कायदा सांगायचा की ज्या कंपनीचं देशात ऑफिस नाही, माणूस नाही, तिच्या नफ्यावर इथं कर नाही. ज्यांनी कायदा लिहिला त्यांच्या काळी दुकानाला दार असायचं. बिनदाराचं दुकान कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

गिऱ्हाईक तुटलं, पोकुआचा कर थकला. डिसेंबरच्या एक तारखेला जी यादी निघाली तिच्यात तिचं नाव होतं आणि यादी होती दुफीच्या हातात. दुसऱ्या कुणाला देता आली असती. क्वाये साहेब, म्हणजे दुफीचे वरिष्ठ, म्हणालेही, "तुझी बहीण ना? राहू दे, लामीला पाठवतो." पण दुफीला वाटलं, परक्यानं चारचौघांत तमाशा करण्यापेक्षा आपण गेलेलं बरं. आपण नीट करू. जन्मभर पस्तावावं अशी ती चूक होती.

पोकुआनं आरडाओरडा केला नाही. आत नाताळचा माल ठासून भरलेला होता. तो तसाच ठेवून ती बाहेर आली आणि कुलूप लागताना बघत उभी राहिली.

"अक्का, तुला फक्त माझंच दार दिसतं काय गं?"

"पोकुआ, यादी आहे..."

"त्या फोनवाल्यांना लाव ना. त्यांना लावून ये, मग माझ्याशी बोल."

नवव्या दिवशी आईचे पिढीजात मोलाचे मणी विकून पोकुआनं कर भरला. दुफीला वाटलं, सुटलं. कसलं सुटतंय! पावती वहीत चढायला आठ दिवस गेले. मग सहीचे साहेब रजेवर. मग नाताळ. मग शिक्का कपाटात आणि कपाटाची बाई बाळंतपणाला. मग ज्याच्याकडे किल्लीची पेटी तो गावी मयताला. पोकुआ रोज यायची, बाकावर बसायची, आणि तिला रोज एक नवं कारण मिळायचं. काही कारणं तर तिला दुफीच्याच तोंडून ऐकावी लागली. एक्केचाळिसाव्या दिवशी कुलूप निघालं. नाताळ संपला होता. कापड होतं, घेणारं कुणी नव्हतं. वर्षभरात पोकुआनं गाळा सोडला आणि शाळेच्या फाटकाशी केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, आणि तळलेले मासे विकायला बसली.

त्या दिवसापासून पोकुआ तिला अक्का म्हणाली नाही. समोर आलीच तर म्हणायची, "मॅडम." केंके घ्यायला दुफी गेली तर, "किती देऊ, मॅडम?" दुफी घरी जायची, केंके ताटात घ्यायची आणि न खाताच झाकून ठेवायची.

ते कुलूप, किल्लीसकट, तिनं ऑफिसात परत केलं नाही. हरवलं म्हणून लिहून दिलं, पगारातून भरपाई केली आणि पर्समध्ये टाकलं.

झिबोराच्या मागे ती हात धुऊन लागली. नोटीस पाठवायची तर पत्ता नव्हता. शेवटी कंपनीचा वकील आपण होऊन आला. टेटेगा त्याचं नाव. गुळगुळीत डोकं, अत्तराचा घमघमाट, वय दुफीच्या मुलाएवढं. बेटावरचं पत्र टेबलावर ठेवून तो खुर्चीत मागं रेलला.

"आमचं इथं काही नाही, मावशी. जी पोरं माल पोचवतात ती स्वतंत्र. गोदाम दुसऱ्याचं. आम्ही म्हणजे फक्त फोनमधलं एक चित्र."

"नि पैसे? ते पण चित्रच का?"

टेटेगा हसला. दुफीच्या पर्सकडे बोट करून म्हणाला, "तुमचं नाव ऐकलंय मी. कुलूपवाल्या मावशी. मग दार दाखवा आणि लावा की कुलूप. मी स्वतः धरून ठेवतो."

ऑफिसातले चार लोकही हसले. दुफी हसली नाही. तिनं ते वाक्य जपून ठेवलं. पुढं खात्यानं सगळ्यांना एका हॉटेलात शिकवणीला नेलं. पडद्यावर नकाशे, बाण, बेटं. शिकवणारा म्हणाला, जगभरचे देश एकत्र बसून नवे नियम ठरवताहेत, जिथं गिऱ्हाईक तिथं कर. दुफीनं हात वर केला. "कधीपासून?" तो म्हणाला, चर्चा चालू आहे. तिनं विचारलं, "चर्चा किती वर्षं चालू आहे?" त्यानं आकडा सांगितला. दुफीनं सरळ उठून जेवणाची रांग धरली.

दार कुठं होतं ते तिला माहीतच नव्हतं असं नाही हं. विमानतळाकडच्या रस्त्यावर एक पिवळी इमारत होती. खाली गोदाम, वर काचेचं ऑफिस, मोटरसायकली सारख्या आत-बाहेर. पण पाटीवर कुठल्याशा सल्लागारांचं नाव. दुफी दोनदा जाऊन आली. रखवालदारानं दोन्ही वेळा एकच सांगितलं, "झिबोरा? ते कोण? इथं कुणी नाही." आतून चिकटपट्टी फाडल्याचा चर्रचर्र आवाज बाहेरपर्यंत येत होता. दुफी दात-ओठ खात परत आली.

आणि मग एफिदुआसेत, आपल्या माहेरगावी, तिला ते दार एका भिंतीवर चिकटवलेलं दिसलं.

आमच्याकडे माणूस मेलं की त्याचा मोठा रंगीत फलक लागतो. गाव तो उभ्या उभ्या वाचतं. मेलेल्याचं वय बघतं आणि मग खाली मुलांची यादी, कोण कुठं पोचलं ते. मुलगा डॉक्टर असेल तर तसं, परदेशात असेल तर शहरासकट. मुलांच्या नावापुढं काही नसलं तर म्हातारीनं आयुष्यभर केलं काय, असा प्रश्न लोक तिथंच विचारतात. दुफी चुलतीला भेटायला आली होती. सवयीनं फलकापुढं थांबली. एक्क्याण्णव वर्षांची म्हातारी. मुलं सात. पाचवा, आदोमाको: 'झिबोरा कंपनीचा देशप्रमुख, झिबोरा घाना ऑफिस, दुसरा मजला', आणि पुढं त्या पिवळ्या इमारतीचा पूर्ण पत्ता.

दुफीनं फलक तीनदा वाचला. भरदुपारी भिंतीपुढं उभी राहून एकटीच हसायला लागली. चुलतीला वाटलं, पोरीला ऊन लागलं.

शनिवारी ती मयताला गेली. काळं-पांढरं कापड नेसून गेली, पोकुआच्या गाळ्यातून शेवटचं घेतलेलं. मंडपात रीतीप्रमाणे उजवीकडून सुरुवात करून सगळ्या रांगेशी हात मिळवले. आदोमाको कोमेजलेला, दमलेला, भला माणूस दिसत होता. "आलात, बरं वाटलं," म्हणाला. दुफी पहिल्या रांगेत बसली.

आमच्याकडे मयताला देणगी देतात, नाचतातही; देणगीच्या टेबलापाशी माइकवाला गळा फाडत होता. "झिबोरा घाना ऑफिस! बासष्ट माणसं! वीस हजार सेडी!" बासष्ट जणं एकसारखं कापड नेसून, पाठीवर कंपनीची खूण मिरवत, नाचत आली. टेबलावरच्यानं झिबोरा घाना ऑफिसच्या नावानं पावती फाडली. मग म्हातारीचा भाऊ, मामा, ज्याच्या शब्दाशिवाय त्या घरात पान हलत नाही, त्यानं भाच्याला काठीनं ढोसलं. "ऊठ. बोल. गावाला कळू दे तू कोण आहेस ते. गेल्या वर्षी लोक म्हणत होते, पोरगं रिकामटेकडं आहे, नुसतं फोन बघत बसतं."

"मामा, राहू दे ना..."

"आईच्या मयतीत लाजतोस?"

आदोमाको उठला. आधी चाचरला. मग समोर सगळं गाव बघून त्याचा आवाज चढला. "माझ्या सहीशिवाय या देशात झिबोराचा एक करार होत नाही," तो म्हणाला. "माझ्या आईनं कोको वाळवून मला शिकवलं." मंडप उठून टाळ्या वाजवायला लागला. सगळे फोन वर धरून ते टिपत होते. दुफीनंही टिपलं. जाताना पन्नास सेडी देऊन तिनं स्वतःच्या नावाची पावती घेतली आणि भाताचा डबा पण घेतला.

करखात्यातल्या सुनावणीत टेटेगा नेहमीसारखा रेलून बसला होता. दुफीनं गावाहून मागून आणलेला फलक टेबलावर पसरला. मग फोनवरचं चित्रण लावलं. मंडपातल्या टाळ्या खोलीभर घुमल्या. "माझ्या सहीशिवाय..." टेटेगा हळूहळू सरळ बसला.

आदोमाकोचं तोंड उतरलं होतं. "मी नुसतं नाव टाका म्हणालो होतो," तो पुटपुटला. "मामा ऐकेना." मग त्यानं मान वर केली. "तुम्ही माझ्या आईच्या मयतीला आला होता. माझा हात धरलात. आमचा भात खाल्लात. लाज नाही वाटली, मावशी?"

"वाटली," दुफी म्हणाली. "माझ्या बहिणीच्या दाराला कुलूप घातलं तेव्हा याहून जास्त वाटली होती. आईचे मणी विकून तिनं कर भरला, बाळा. तुझ्या कंपनीला काय विकावं लागलं?"

निकाल लागला: ऑफिस आहे, माणूस आहे, सही आहे, चार वर्षांचा कर महिन्याभरात भरा. कंपनीला वाटलं, घासाघीस करू, वरून फोन करवू. महिना नोव्हेंबरच्या मध्याला संपला. दुफी कधी नव्हे ती कनवाळू झाली. म्हणाली, देऊ की अजून दोन आठवडे. क्वाये साहेबांना नवल वाटलं.

डिसेंबरच्या एक तारखेला ती पिवळ्या इमारतीपुढं उभी राहिली. आत नाताळचा माल छतापर्यंत रचलेला. रखवालदार तोंड लपवत होता. तिनं टेटेगाला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"धरता ना? स्वतः धरतो म्हणाला होतात."

त्यानं कडी धरली नाही. दुफीनं पितळी कुलूप काढलं, चार वर्षांत पहिल्यांदा त्याला तेल दिलं होतं, आणि लावलं. खट्. सत्तावीस वर्षांत शेकडो कुलुपं लावली तिनं, पण असा गोड आवाज कधी ऐकला नव्हता.

नवव्या दिवशी कंपनीनं सगळा कर भरला. टेटेगा पावती नाचवत आला. "किल्ली द्या."

"देऊ की. पावती वहीत चढू दे."

"किती वेळ?"

"आठ दिवस. तेवढेच लागतात."

आठ दिवसांनी तो आला तेव्हा सहीचे साहेब रजेवर होते. मग नाताळ आला. मग शिक्का कपाटात. दुफी प्रत्येक कारण त्याच शब्दांत सांगायची, जसं पोकुआला सांगितलं होतं तसं. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. टेटेगा बाकावर बसून राहायचा, पोकुआ बसायची त्याच बाकावर. त्याच्या अत्तराचा वास आता घामात मुरला होता. "मावशी, तुम्ही हे मुद्दाम करताय!" तो किंचाळला.

"मुद्दाम कसलं? नियम आहे. इथं सगळ्यांना एकच नियम."

वरून फोन यायला लागले. क्वाये साहेब हात जोडून म्हणाले, "दुफी, मार्चमध्ये तू निवृत्त होणार. पेन्शन अडकवतील गं."

"अडकवू द्या."

तिसाव्या दिवशी तिच्या हातात नोटीस पडली, खुलासा करा म्हणून. ती नोटीस घेऊनच दुफी इमारतीकडं गेली. कुलूप रोज एकदा बघून यायची सवय झाली होती. दारापुढं पायऱ्यांवर माल बांधणाऱ्या पाच-सहा पोरी बसल्या होत्या. काम नाही, रोजी नाही. त्यातली एक उठली, पोटुशी होती. "मावशी, आमचं काय चुकलं? कर आम्ही बुडवला होता का?"

किल्ली दुफीच्या कमरेलाच होती. ती पायरीवर टेकली आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिनं पोकुआला फोन लावला.

"पोकुआ, मी... इथं झिबोराच्या दारात आहे. कुलूप मी लावलंय. ऐकलं असशील."

"ऐकलंय."

"पोरी बसल्यात गं इथं. एक तर पोटुशी आहे. वाटतं, उघडून टाकावं आता."

पलीकडं तेलात मासा पडल्याचा आवाज आला. "कितवा दिवस आज?"

"तिसावा."

"मग मला कशाला फोन केला, मॅडम?" पोकुआ म्हणाली आणि फोन ठेवला.

दुफीनं पर्समधले होते तेवढे पैसे त्या पोटुश्या पोरीच्या हातात कोंबले आणि घरी चालत गेली. रात्रभर तळमळली. पण किल्ली कमरेची काढली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेली, टेटेगा बाकावर होताच. "किल्लीची पेटी ज्याच्याकडे आहे तो गावी मयताला गेलाय," तिनं सांगितलं. आता आवाजात पहिली मजा नव्हती. तरी सांगितलं. बिनदाराच्या दुकानांसाठीच्या नव्या कायद्याबद्दल विचारायला सरकारी समितीचा एक माणूसही त्याच आठवड्यात येऊन बसला. तिनं त्याला दोनच वाक्यं लिहून दिली. "कायद्याला दारं शोधायला लावू नका, दार लपवता येतं. गिऱ्हाईक लपवता येत नाही, ते धरा." तो म्हणाला, अजून सविस्तर सांगा. ती म्हणाली, माझं डोकं ठिकाणावर नाही, नंतर या.

जानेवारीच्या दहा तारखेला सकाळीच ती पिवळ्या इमारतीपाशी जाऊन बसली. पोरी आल्या. टेटेगा आला. आदोमाको आला आणि लांब उभा राहिला. क्वाये साहेबांचा माणूस निलंबनाचा कागद घेऊन आला. तिनं सही केली आणि कागद घडी घालून ठेवला. किल्ली मात्र दिली नाही. "किल्ली दे, बाई," तो माणूस म्हणाला. "दुसऱ्याला उघडू दे."

"थांब जरा."

"कुणाची वाट बघतेस?"

तिनं फोन मांडीवर ठेवला. नऊ वाजले, दहा वाजले. ऊन पायरीवर चढलं. दुफीला वाटायला लागलं, आपणच मूर्ख. ज्या बाईचं सगळं गेलं, ती आपल्यासाठी दिवस कशाला मोजेल? नोकरी गेली, पेन्शन बहुतेक गेली, पाच-सहा पोरींचे तळतळाट पदरात पडले. ती किल्ली देण्यासाठी उठली.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडं शाळेच्या मधल्या सुट्टीचा गलका, आणि त्यातून पोकुआचा आवाज.

"एक्केचाळीस झाले," ती म्हणाली.

"अक्का," पोकुआ म्हणाली, "उघड आता."